पालेभाजीवरचा आरोप: पोटॅशियम, मूत्रपिंड आणि उकळलेल्या पाण्याचा इतिहास

जुलै २०२५ मध्ये देशातील वृत्तपत्रांत मिठासंबंधी एक बातमी आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने पंजाब आणि तेलंगण या राज्यांत लोकसहभागातून मिठाचे सेवन कमी करण्याचा अभ्यास हाती घेतला आहे, आणि त्यात कमी सोडियमच्या मिठावर भर आहे, असा तिचा आशय होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा पर्यायी मिठाची शिफारस केली होती. त्या शिफारशीतून गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडविकार असलेल्या व्यक्ती यांना मात्र वगळले होते. वगळण्याचे कारण सोपे आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला हे पोटॅशियम उपकारक ठरते, पण ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत त्याच्या रक्तात ते साचू शकते.

ही बातमी वाचताना एक विसंगती मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे घरात कोणाला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार झाल्याचे निदान झाले, की पहिल्याच आठवड्यात ताटातून काही नाहीसे होत असेल तर ती पालेभाजी. पालक बंद, मेथी बंद, राजगिरा बंद, अळू तर नावही काढायचे नाही. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या याद्यांत ही नावे लाल अक्षरांत असतात. पोटॅशियम क्लोराइडचे मीठ मात्र ‘आरोग्यदायी’ अशी चिठ्ठी लावून त्याच स्वयंपाकघरात सहज प्रवेश करते. पोटॅशियमच्या नावाने पानाला हद्दपार करायचे आणि तेच पोटॅशियम भुकटीच्या रूपात घरात आणायचे, हे घडते कसे? याचे उत्तर इतिहासात आहे. पालेभाजीवरचा आरोप केव्हा ठेवला गेला, कोणत्या रुग्णांना समोर ठेवून ठेवला गेला आणि तो सर्वांवर कसा पसरला, हे पाहिल्याशिवाय आजचा नियम नीट कळत नाही.

राखेतून आलेले मूलद्रव्य

पोटॅशियमची माणसाशी पहिली ओळख चुलीच्या राखेतून झाली. झाडपाला जाळला, राख पाण्यात ढवळली, ते पाणी गाळून आटवले, की तळाशी पांढरा क्षार उरतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ११ वा अध्याय क्षार तयार करण्याच्या विधीला वाहिलेला आहे. वनस्पती जाळून मिळणारा क्षार सौम्य कसा ठेवावा आणि चुन्याच्या योगाने तो तीव्र कसा करावा, याचे त्यातील वर्णन आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात आदराने नोंदवले आहे. जवाच्या रोपाच्या राखेतून मिळणारा यवक्षार हा मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. युरोपात हीच राख भांड्यात आटवत, म्हणून तिचे नाव ‘पॉटॅश’ पडले. अरबी भाषेत वनस्पतीच्या राखेला ‘अल्-कली’ म्हणत. त्यावरून अल्कली हा शब्द आला, आणि पोटॅशियमचे ‘के’ हे चिन्हही त्याच शब्दापासून झालेल्या ‘कॅलियम’ या नावाचे आद्याक्षर आहे.

६ ऑक्टोबर १८०७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी किंचित ओलसर पॉटॅशमधून विद्युत्प्रवाह सोडला. पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक थेंब दिसू लागले, आणि त्यांतील काही जांभळ्या ज्योतीने पेटून उठले. पानांच्या राखेत लपलेला धातू अशा रीतीने प्रथमच सुटा झाला. तो राखेत यावा हे स्वाभाविकच होते. पानावरील सूक्ष्म रंध्रे उघडतात आणि मिटतात ती त्यांच्या कडेच्या पेशींत पोटॅशियमचे आयन शिरल्याने आणि बाहेर पडल्याने. पान ताठ राहते तेही पेशींतील याच क्षाराने खेचून धरलेल्या पाण्यामुळे. पोटॅशियमविरहित पालेभाजी म्हणूनच संभवत नाही. प्रश्न असतो तो त्यातले किती आपल्या रक्तात पोचते आणि किती वेळ तेथे राहते, एवढाच.

हृदय आणि ज्योत

पोटॅशियम प्राणघातक ठरू शकते हे कळायला डेव्ही यांच्यानंतर पाऊण शतक जावे लागले. १८८० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे सुटे केलेले हृदय निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणांत ठेवून पाहत होते. ठोके चालू राहण्यासाठी कॅल्शियम हवे, थोडे पोटॅशियमही हवे, पण पोटॅशियम वाढवत नेले की हृदय शिथिल होऊन थांबते, असे त्यांना दिसले.

यामागचे गणित भौतिकशास्त्राचे आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. तेथे त्याचे प्रमाण दर लिटरला साधारण १४० मिलिमोल, तर पेशीबाहेरच्या द्रवात ते केवळ ४ मिलिमोलच्या आसपास. या दोन आकड्यांच्या गुणोत्तरामुळे पेशीच्या पटलावर विद्युतदाब निर्माण होतो. नर्न्स्ट यांच्या समीकरणाने तो काढला, तर आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९५ मिलिव्होल्टने ऋण भरते. आता बाहेरचे पोटॅशियम ४ वरून ८ वर गेले असे समजा. आतला साठा जवळजवळ तेवढाच आहे, पण दाब ७६ मिलिव्होल्टच्या आसपास घसरतो. हृदयाच्या स्नायूला ठोका कधी द्यायचा आणि कधी विसावायचे, हे या दाबावरूनच कळत असते. बाहेरचे मोजके चार मिलिमोल वाढल्याने हृदयाची लय का बिघडते, हे यावरून ध्यानात येते.

पेशीबाहेरचे सगळे पोटॅशियम एकत्र केले तर ते किती भरेल? मध्यम बांध्याच्या माणसात पेशीबाहेरचा द्रव सुमारे १४ लिटर धरला, तर ५६ मिलिमोल, म्हणजे जेमतेम सव्वादोन ग्रॅम. आपण दिवसभरात अन्नातून जे पोटॅशियम घेतो ते याहून कमी नसते, बहुधा जास्तच असते. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातला आकडा ३.५ ते ५ च्या दरम्यान स्थिर राहतो, कारण जेवणानंतर स्रवणारे इन्सुलिन पोटॅशियमला तात्पुरते पेशींत ढकलते आणि पुढच्या काही तासांत मूत्रपिंडे जादा भाग बाहेर टाकतात. अन्नातील सुमारे ९० टक्के पोटॅशियमचा निचरा मूत्रावाटे होतो, उरलेले आतड्यावाटे जाते.

ज्ञान आणि मोजमाप यांच्यात मात्र बरेच अंतर राहिले. रिंगर यांचा शोध हाताशी असूनही रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम मोजणे हे कित्येक दशके किचकट रासायनिक काम होते, आणि मरणासन्न रुग्णाच्या उशाशी त्याचा उपयोग नव्हता. वाट सापडली ती पुन्हा त्या जांभळ्या ज्योतीत. हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्चहॉफ, एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक भौतिकशास्त्रज्ञ, यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले होते, की प्रत्येक मूलद्रव्य तापवले असता आपापल्या ठरावीक रंगरेषा देते. सोडियमची पिवळी ज्योत इतकी प्रखर, की तिच्यात पोटॅशियमची जांभळी छटा बुडून जाते, म्हणून ती निळ्या कोबाल्ट काचेतून पाहण्याची युक्ती निघाली. १९४० च्या दशकात या तत्त्वावर चालणारे ज्योतमापक यंत्र वापरात आले, आणि त्यानंतर रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रक्तातील सोडियम-पोटॅशियमचे आकडे काही मिनिटांत मिळू लागले. पोटॅशियमचे भय वैद्यकात रुजले ते त्याचा आकडा हाती येऊ लागल्यानंतर.

यंत्रावरचे रुग्ण

त्याआधी मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार कसा होता? लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ पथ्याचा रोख प्रथिनांवर आणि मिठावर होता. १९३९ पासून अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंप्नर हे वैद्य उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडविकार यांच्या रुग्णांना भात, फळे, फळांचा रस आणि साखर एवढ्यावरच ठेवत असत. आजच्या यादीत फळांच्या रसावर काट असते, केंप्नर यांच्या रुग्णांचे मात्र तेच अन्न होते. १९६३-६४ मध्ये इटलीत जोर्दानो आणि जोव्हान्नेत्ती यांनी मांडलेले आहारही प्रथिने कमी करण्याचेच होते.

चित्र पालटले ते कृत्रिम मूत्रपिंडामुळे. १९४३ मध्ये जर्मनीव्याप्त नेदरलँड्समधील कांपेन या लहानशा गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली, तिच्यातून रुग्णाचे रक्त फिरवले आणि पिंपाखाली क्षारयुक्त पाण्याचे टाके ठेवले. आरंभीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि जगली. पण हे यंत्र तात्पुरत्या संकटातून तारून नेणारे होते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून कायमचे निकामी झालेले मूत्रपिंड असलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या दोन रक्तवाहिन्या टेफ्लॉनच्या नळीने जोडून ठेवण्याची युक्ती काढली, आणि डायलिसिस वर्षानुवर्षे चालवणे शक्य झाले.

वैद्यकासमोर माणसांचा एक नवा वर्ग उभा राहिला तो येथे. मूत्र जवळजवळ होत नाही, तरी माणूस चालतो, बोलतो, जेवतो. आठवड्यातून दोनदा वा तीनदा यंत्र रक्त शुद्ध करते, मधल्या दिवसांत मात्र खाल्लेले पोटॅशियम बाहेर काढायला कोणी नाही. दोन दिवसांची सुट्टी आणि भरपेट जेवण यांची गाठ पडली, तर तिसऱ्या दिवशी हृदय थांबण्याचा धोका. ज्योतमापकाने आकडा दिला, स्क्रिब्नर यांच्या नळीने रुग्ण दिला, आणि या दोहोंच्या संगमातून पोटॅशियमयुक्त पदार्थांची कडक बंदी जन्माला आली. त्या रुग्णांसाठी ती रास्त होती आणि तिने जीव वाचवले, हे विसरता कामा नये.

भारतात डायलिसिसची सुरुवात १९६० च्या दशकाच्या आरंभी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. परंतु मराठी आणि हिंदी वृत्तपत्रे वाचणाऱ्या घरांत हा शब्द पोचला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे. २६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानातून त्यांना अटक झाली आणि चंडीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत त्यांना स्थानबद्ध ठेवण्यात आले. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. त्यामधली जवळजवळ चार वर्षे, जनता पक्षाच्या उदयाची आणि कलहाची वर्षे, त्यांनी यंत्राच्या आधाराने काढली. मूत्रपिंडविकार म्हटले की डायलिसिस आणि डायलिसिस म्हटले की कडक पथ्य, हे समीकरण आपल्या समाजमनात त्या काळात पक्के होऊ लागले.

समीकरणातला दोष असा, की मूत्रपिंडविकाराचे बहुसंख्य रुग्ण डायलिसिसवर नसतात. विकाराचे पाच टप्पे मानले जातात. पहिल्या तीन टप्प्यांतील पुष्कळ जणांची मूत्रपिंडे पोटॅशियमचा निचरा पुरेसा करत असतात. पाचव्या टप्प्यातल्या, यंत्रावरच्या माणसासाठी लिहिलेली यादी दुसऱ्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती पडली, आणि धोका नसतानाही त्याचे ताट रिकामे झाले.

तक्त्यातले कच्चे पान

यादी बनवायला आकडे लागतात, आणि आपल्याकडे त्यांचाही स्वतंत्र इतिहास आहे. १९३७ मध्ये कुन्नूर येथून डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुस्तिका वाढवली, आणि २०१७ मध्ये देशभरातून गोळा केलेल्या ५२८ पदार्थांचे नवे तक्ते आले. भारतीय आहारशास्त्राचा हा पाया आहे.

पण असे तक्ते मुख्यतः कच्च्या पदार्थाचे असतात, तेही दर १०० ग्रॅमला. कच्च्या पालकात १०० ग्रॅमला साधारण ५६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, केळ्यात सुमारे ३६०. आकडे खरे आहेत, तरी ताटाबद्दल ते अर्धेच सांगतात. पेलाभर कच्चा पालक जेमतेम ३० ग्रॅम भरतो आणि त्यातून १७० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. तोच पालक शिजून बसला, की एका पेल्यात १८० ग्रॅम मावतो आणि त्यात ८४० मिलिग्रॅमपर्यंत पोटॅशियम असू शकते. कोशिंबिरीतली चार पाने आणि वाटीभर घट्ट पालक या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, यादीत मात्र त्या एकाच नावाने येतात.

८४० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे २१ मिलिमोल. ते सारेच्या सारे एकदम १४ लिटर द्रवात उतरले असते, तर रक्तातला आकडा दीडने वाढला असता. तसे सहसा होत नाही, कारण इन्सुलिन त्याला पेशींत नेते, चोथा बरोबर असल्याने पानातले पोटॅशियम सावकाश आणि अपुरे शोषले जाते, आणि मूत्रपिंड दुबळे झाले की आतडे आपला वाटा वाढवते. मात्र ज्याला अनियंत्रित मधुमेह आहे, ज्याच्या रक्तात आम्ल साचले आहे, ज्याला बद्धकोष्ठ आहे वा ज्याला पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची काही औषधे चालू आहेत, त्याचे हे संरक्षण कमी पडते. धोका ठरतो तो पान, प्रमाण, पाककृती आणि माणूस या चौघांवरून.

उकळलेल्या पाण्याची साक्ष

पाककृतीचा इतिहास तर याहून जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात पालेभाज्यांविषयी सांगताना, त्या उकडाव्या, त्यांचे पाणी पिळून काढावे आणि मग तूप वा तेल घालून खाव्यात, असा आशयाचा सल्ला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही तोच विचार येतो. हे वाचून ‘आपल्या पूर्वजांना पोटॅशियम माहीत होते’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह होईल. तो टाळावा. त्यांच्यासमोर पचनाचा प्रश्न होता आणि त्यांची भाषा दोषांची होती. त्यांनी अनुभवातून एक कृती निश्चित केली. त्या कृतीने पानातले काय बाहेर जाते, हे कळायला डेव्हींची ज्योत यावी लागली.

आधुनिक आहारशास्त्रात याच कृतीला मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी स्थान आहे, आणि ती का चालते हे पटलाच्या त्याच विद्युतदाबावरून कळते. अनेक घरांत भाजी चिरून रात्रभर गार पाण्यात भिजत घालतात आणि पोटॅशियम निघून गेले असे मानतात. २००८ मध्ये अमेरिकेत बटाट्यावर झालेल्या एका अभ्यासात नुसते भिजवल्याने पोटॅशियममध्ये लक्षणीय घट झाली नाही. चौकोनी तुकडे उकळल्यावर ते निम्म्याने घटले, आणि किसून उकळल्यावर सुमारे तीन चतुर्थांश निघून गेले. कारण उघड आहे. चिरलेल्या भाजीतही बहुतेक पेशी जिवंत असतात आणि जिवंत पेशीचे पटल पोटॅशियम धरून ठेवते. ते त्याचे कामच आहे. उष्णतेने पटल फाटले, की आतला क्षार पाण्यात पसरू लागतो. तुकडा जितका बारीक, पाणी जितके जास्त, तितका निचरा अधिक. पान मुळातच पातळ असल्याने त्यातला क्षार लवकर बाहेर येतो. म्हणून उपयोग होतो तो भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन, पाला हलकेच पिळून घेण्याचा. वाफेवर परतलेली मेथी किंवा शिजवलेल्या पाण्यासकट घोटलेली अळूची पातळ भाजी यांत पोटॅशियम जागच्या जागी राहते.

येथे विसाव्या शतकाच्या एका चांगल्या शिकवणीशी झगडा होतो. जीवनसत्त्वांचा शोध लागल्यापासून गृहशास्त्राच्या पुस्तकांनी ‘भाजीचे पाणी फेकू नका’ असे सांगितले, आणि निरोगी कुटुंबासाठी ते योग्यच आहे. पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जाते. ज्याच्या रक्तात पोटॅशियम वाढलेले आहे त्याच्यासाठी हा तोटा पत्करावा लागतो. एकाच घरात दोन पातेली असू शकतात, आणि दोन्ही शास्त्रशुद्ध असू शकतात.

आम्ही द्वारकेत राहणारे मराठी लोक हिवाळ्यात बाजारातून ‘बथुआ’ म्हणून जी जुडी आणतो, ती म्हणजे आपला चाकवत. उत्तरेकडे तो उकडून, पिळून, वाटून दह्यात घालण्याची रीत आहे, तर महाराष्ट्रात ताक आणि डाळीचे पीठ लावून त्याची पातळ भाजी होते. वनस्पती एकच, पण उकडून पिळलेल्या आणि पाण्यासकट शिजवलेल्या चाकवताचा रक्तातल्या आकड्यावर होणारा परिणाम सारखा नसणार. (पिळलेल्या पाल्यावर घातलेल्या दह्याताकाचेही पोटॅशियम असते, हेही हिशेबात धरावे.) पालक, राजगिरा, चुका आणि अळू यांत ऑक्झलेटही भरपूर असते, ज्यांना त्याचे मुतखडे होतात त्यांचा प्रश्न त्यामुळे निराळा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांना पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाचा विचार करावा लागतो. हे ‘के’ पोटॅशियमच्या चिन्हाहून वेगळे, एवढे लक्षात असले म्हणजे झाले.

आरोपाची फेरतपासणी

गेल्या पंधरा वर्षांत पानाच्या बाजूने साक्षी येऊ लागल्या आहेत. मूत्रपिंडे दुबळी झाली की रक्तात आम्ल साचते. त्यावर खाण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या, गोळ्या देतात. अमेरिकेतील निम्रित गोराया आणि डोनाल्ड वेसन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चौथ्या टप्प्यातील ७१ रुग्णांपैकी काहींना या गोळ्या आणि काहींना फळे व भाज्या दिल्या. वर्षभरानंतर दोन्ही गटांत आम्लाचा भार हलका झाला होता, आणि फळे-भाज्या खाणाऱ्यांच्या रक्तातले पोटॅशियम वाढलेले नव्हते. हे रुग्ण निवडलेले होते, मुळात ज्यांचे पोटॅशियम जास्त नव्हते असेच घेतले होते, ही अट विसरून चालणार नाही. तरी चौथ्या टप्प्यातही सरसकट बंदीची गरज नाही, एवढे त्यातून दिसले.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पुढचे पाऊल टाकले. प्राणिज पदार्थांपेक्षा वनस्पतिजन्य अन्नावर अधिक भर द्यावा, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करावेत, आणि पोटॅशियम वाढल्याचा पूर्वेतिहास असलेल्यांसाठी प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करून सहज शोषल्या जाणाऱ्या पोटॅशियमवर मर्यादा घालावी, असे त्यांचे म्हणणे आहे. ढोबळ अंदाजाने, प्रक्रिया न केलेल्या वनस्पतिजन्य अन्नातले ५० ते ६० टक्के पोटॅशियम शरीर शोषते, तर डबाबंद पदार्थांत क्षाररूपाने मिसळलेले जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. आरोपीच्या पिंजऱ्यात पान एकटे उभे होते, भुकटी प्रेक्षकांत बसली होती.

आता आरंभीच्या मिठाकडे पुन्हा पाहू. समजा, एखाद्या पर्यायी मिठात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड आहे आणि माणूस दिवसाला ५ ग्रॅम असे मीठ खातो. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात ५२ टक्के पोटॅशियम असते. म्हणजे रोज सुमारे ६५० मिलिग्रॅम, जवळपास सव्वाशे-दीडशे ग्रॅम शिजलेल्या पालकाइतके. हे पोटॅशियम चोथ्याविना येते, दररोज येते आणि कोणत्याही लाल यादीत दिसत नाही. देशाच्या रक्तदाबासाठी या मिठाचा अभ्यास होणे आवश्यकच आहे. पण रक्तदाब असलेल्या पुष्कळांना आपली मूत्रपिंडे दुबळी झाल्याचे ठाऊकच नसते, म्हणून मिठाच्या प्रचाराबरोबर क्रिएटिनिनच्या साध्या रक्ततपासणीचाही प्रचार व्हायला हवा.

हा सारा इतिहास रुग्णाच्या हाती काही प्रश्न ठेवतो. माझा विकार कोणत्या टप्प्यात आहे? माझ्या रक्तातले पोटॅशियम आज किती आहे, आणि गेल्या तीन तपासण्यांत ते कोणत्या दिशेने गेले? माझ्या औषधांपैकी कोणती ते वाढवतात? मी कोणती भाजी किती आणि कशी शिजवून खातो? मिठाच्या पुडीवर काय छापले आहे? हे प्रश्न घेऊन आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञाकडे आणि आहारतज्ज्ञाकडे जावे. डायलिसिसवर असलेल्यांनी आणि ज्यांचे पोटॅशियम वाढलेले आहे त्यांनी हा लेख वाचून परस्पर पथ्य सोडू नये, ते त्यांच्यासाठी आजही जीवरक्षक आहे. पण ज्याच्या रक्तातला आकडा बरोबर आहे आणि तरीही केवळ एका यादीच्या धाकाने ज्याने वर्षभर मेथीचे पान तोंडात घातलेले नाही, त्याला त्याच्या ताटातली ही वाटी परत मिळायला हवी.